किनारा कोणी निवडला?

८ नोव्हेंबर १९४२च्या पहाटे अमेरिकेचं सैन्य जर्मनीविरुद्धच्या युद्धात पहिल्यांदा मोठ्या संख्येने किनाऱ्यावर उतरलं, ते मोरोक्को आणि अल्जीरियात. कॅसाब्लांका, ओरान आणि अल्जीयर्स या तीन बंदरांभोवती अमेरिकन आणि ब्रिटिश मिळून लाखाहून अधिक सैनिक उतरले. समोर जर्मन पलटणी नव्हत्याच. होते ते जर्मनीशी तह केलेल्या व्हिशी सरकारच्या हुकमातले फ्रेंच, म्हणजे १९४०च्या जूनपर्यंत इंग्लंडच्या खांद्याला खांदा लावून लढणारे. अल्जीयर्सपासून बर्लिन जवळजवळ दोन हजार किलोमीटरवर. त्याच आठवड्यात स्टालिनग्राडमध्ये रशियन सैनिक एकेका कारखान्यासाठी आणि एकेका जिन्यासाठी मरत होते, आणि स्टालिन मित्रांना विचारत होते की, तुमची दुसरी आघाडी कुठे आहे?

प्रश्न रास्त होता. शत्रू युरोपात असताना दोस्तराष्ट्रे आफ्रिकेत का उतरली? शाळेच्या पुस्तकात दुसऱ्या महायुद्धाच्या नकाशावर बाण काढलेले असतात: आफ्रिका, सिसिली, इटली, नॉर्मंडी. बाण पाहिले की वाटतं, कोणीतरी शांत डोक्याने आधीच आखून ठेवलेला हा रस्ता आहे. प्रत्यक्षात यातला जवळजवळ प्रत्येक बाण भांडणातून, तडजोडीतून आणि पुष्कळदा नाइलाजातून निघालेला आहे. एकटं राष्ट्र लढतं तेव्हा शत्रू कुठे कच्चा आहे हे ते पाहतं. आघाडी लढते तेव्हा आपल्या मित्राला काय सोसवेल हेही तिला पाहावं लागतं.

१९४२च्या एप्रिलमध्ये अमेरिकेचे लष्करप्रमुख जॉर्ज मार्शल लंडनला आले. त्यांच्याकडची योजना सरळ होती. इंग्लंडमध्ये सैन्य साठवायचं, १९४३च्या वसंतात इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्समध्ये उतरायचं आणि थेट जर्मनीच्या छातीवर चालून जायचं. रशिया कोसळतोय असं दिसलं तर १९४२च्या शरद ऋतूतच शेरबूर किंवा ब्रेस्टजवळ छोटी उडी मारायची, हेही त्यात होतं. ब्रिटिशांनी तोंडदेखला होकार दिला, पण मनातून त्यांना हे नको होतं. कारण १९४२मध्ये अशी उडी मारायची तर मरायला जाणारे सैनिक मुख्यतः त्यांचेच असणार होते. अमेरिकेचं सैन्य अजून समुद्रापलीकडेच होतं. शिवाय त्या पिढीच्या प्रत्येक ब्रिटिश सेनापतीच्या मनात १ जुलै १९१६ हा दिवस होता. सोमच्या लढाईच्या त्या एका दिवसात त्यांचे ५७ हजारांहून अधिक सैनिक पडले, त्यातले १९ हजारांहून अधिक जागीच मेले. चर्चिल आणि त्यांचे लष्करप्रमुख ॲलन ब्रूक यांच्या भित्रेपणाबद्दल अमेरिकन अधिकारी खासगीत बरंच बोलत. मला तो भित्रेपणा वाटत नाही. ज्या देशाच्या गावोगावच्या स्मारकांवर एकाच आडनावाची तीन-तीन नावं कोरलेली आहेत, त्या देशाने जर्मन तटबंदीवर डोकं आपटण्याआधी दहा वेळा विचार केला, यात गैर काय?

ब्रिटिशांचा दुसरा हेतू मात्र एवढा निखळ नव्हता. भूमध्य समुद्र हा त्यांच्या साम्राज्याचा हमरस्ता. जिब्राल्टर, माल्टा, सुएझ, एडन आणि पुढे मुंबई. इटलीच्या आरमारामुळे आणि जर्मन विमानांमुळे हा रस्ता बंद पडला होता. इंग्लंडहून इजिप्तला रसद पाठवायची तर दक्षिण आफ्रिकेला वळसा घालून सुमारे १२ हजार सागरी मैल जावं लागे. भूमध्यातून तेच अंतर तीन हजारांच्या आसपास. म्हणजे तेवढाच माल पोचवायला कितीतरी पट जहाजं अडकून पडत. भूमध्य मोकळा करणं ही लष्करी गरजही होती आणि साम्राज्याचीही. दोन्ही गोष्टी एकमेकींत इतक्या मिसळल्या होत्या की, चर्चिल यांनाही त्या वेगळ्या करून दाखवता आल्या नसत्या. अमेरिकनांचा संशय नेमका इथेच होता: आमच्या पोरांनी ब्रिटिशांच्या वसाहती राखायला का मरायचं?

शेवटी निर्णय झाला तो तिसऱ्याच कारणाने. जून १९४२मध्ये चर्चिल वॉशिंग्टनला असतानाच लिबियातलं टोब्रूक पडल्याची बातमी आली. तेहतीस हजारांच्या आसपास सैनिक, त्यांत हिंदी सैन्याची एक ब्रिगेड, जर्मन सेनापती रोमेलच्या हाती लागले. पॅसिफिकमध्ये जपानशी लढाई पेटलेली होती आणि अमेरिकन जनतेचा खरा राग पर्ल हार्बरमुळे जपानवर होता. इंग्लंड ऐकत नसेल तर आपण सगळं बळ जपानकडे वळवू, असा प्रस्ताव मार्शल आणि आरमारप्रमुख अर्नेस्ट किंग यांनी जुलैमध्ये ठेवला. रूझवेल्ट यांनी तो धुडकावला. त्यांचं म्हणणं एकच: १९४२ संपायच्या आत अमेरिकन सैनिक कुठेतरी जर्मनांविरुद्ध लढताना दिसला पाहिजे, नाहीतर ‘आधी जर्मनी’ हे धोरण देशात टिकणार नाही. फ्रान्स शक्य नाही, मग उरली ती उत्तर आफ्रिका. नोव्हेंबरच्या तीन तारखेला अमेरिकेत काँग्रेसच्या निवडणुका होत्या. मोहीम त्याआधी व्हावी असं कोणत्या अध्यक्षाला वाटणार नाही? पण तयारी झाली नव्हती. रूझवेल्ट यांनी तारीख ओढली नाही. निवडणुकीत त्यांच्या पक्षाने पुष्कळ जागा गमावल्या आणि पाच दिवसांनी सैन्य उतरलं.

आफ्रिकेत जायचं ठरल्यावर कुठे उतरायचं यावरही महिनाभर वाद झाला. ब्रिटिशांना ट्युनिसच्या शक्य तितकं जवळ उतरायचं होतं, कारण ट्युनिस हातात आलं की रोमेलची पाठ उघडी पडते. अमेरिकनांना भीती ही की, स्पेनने जिब्राल्टरची सामुद्रधुनी बंद केली तर आपलं सैन्य भूमध्यात कोंडलं जाईल. म्हणून अटलांटिकच्या किनाऱ्यावरचं कॅसाब्लांका त्यांना हवंच होतं. दोघांचीही समजूत निघावी म्हणून तीन जागा ठरल्या, आणि ट्युनिस राहून गेलं. जर्मनांनी दुसऱ्याच दिवसापासून ट्युनिसमध्ये विमानांनी सैनिक उतरवायला सुरुवात केली. जी लढाई नाताळपर्यंत संपेल असं वाटलं होतं ती मे १९४३पर्यंत चालली, आणि त्याबरोबर त्या वर्षी फ्रान्समध्ये उतरण्याची उरलीसुरली शक्यताही संपली.

कॅसाब्लांकातच जानेवारी १९४३मध्ये पुढची बैठक भरली. आफ्रिकेत आता एवढं मोठं सैन्य जमलंय, ते रिकामं बसवता येणार नाही, आणि परत इंग्लंडला न्यायला जहाजं नाहीत. मग जवळ काय आहे? सार्डिनिया किंवा सिसिली. ब्रिटिशांच्याच आखणीकारांना सार्डिनिया सोपं वाटत होतं. ब्रूक मात्र सिसिलीवर अडून बसले, कारण सिसिली घेतली की भूमध्याचा रस्ता मोकळा होतो. सिसिलीत १० जुलै १९४३ला उतरले, २५ जुलैला मुसोलिनीची सत्ता गेली आणि इटलीच्या मुख्य भूमीवर पाय ठेवण्याचा मोह कोणालाच आवरला नाही.

इटलीत सालेर्नो ही जागा कशी ठरली हे पाहण्यासारखं आहे. रोमच्या आसपास उतरलं असतं तर दक्षिणेतलं सगळं जर्मन सैन्य मागे तोडलं गेलं असतं. पण आकाशातून पहारा करणारी स्पिटफायर विमानं उडणार होती सिसिलीहून, आणि त्या विमानाची टाकी लहान. जादा टाकी लावूनही सालेर्नोच्या आकाशात त्यांना जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं थांबता येई. नेपल्सच्या उत्तरेला तर पोचताच येत नव्हतं. म्हणून पेट्रोल संपतं तिथे, नेपल्सच्या दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर, उतरायचं ठरलं. अडचण ही की, स्पिटफायर किती लांब जाते हे जर्मनांनाही ठाऊक होतं. त्यांनी तोच हिशेब उलट्या बाजूने मांडला आणि एक चिलखती डिव्हिजन सालेर्नोच्या उपसागरावर आणून ठेवली. ९ सप्टेंबरला उतरलेलं सैन्य काही दिवस समुद्रात ढकललं जाण्याच्या बेतात होतं.

आता या सगळ्यामागे असलेल्या वस्तूकडे वळू. तिचं नाव एलएसटी. सुमारे शंभर मीटर लांबीचं, सपाट बुडाचं जहाज. ते थेट वाळूवर चढतं, तोंडाचे दोन दरवाजे उघडतात, आतून फळी पडते आणि पोटातले वीसेक रणगाडे आपल्या पायांनी किनाऱ्यावर येतात. धक्का नको, क्रेन नको. अमेरिकेने ही जहाजं समुद्रापासून दूर, ओहायो आणि इलिनॉय नद्यांच्या काठी बांधली आणि मिसिसिपीतून खाली सोडली. युद्धभरात हजाराहून अधिक बांधली, तरी ती कधीच पुरली नाहीत. पॅसिफिकमधल्या बेटांसाठी किंग यांना ती हवी, इटलीसाठी ब्रिटिशांना हवी, फ्रान्ससाठी मार्शल यांना हवी. १९४३च्या अखेरीपासून युद्ध कुठे लढायचं हे या चपट्या जहाजांच्या यादीवर ठरू लागलं.

त्या यादीतून एक नाव खोडलं गेलं, ते आपल्या जवळचं आहे. अंदमान. मराठी घरांत हे नाव सेल्युलर जेलमुळे आणि सावरकरांमुळे पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. पण नोव्हेंबर १९४३मध्ये कैरो इथे रूझवेल्ट यांनी चीनच्या च्यांग कै-शेक यांना शब्द दिला होता की येत्या काही महिन्यांत बंगालच्या उपसागरातून मोठी चढाई होईल, हे फारसं कोणाच्या ऐकण्यात नसतं. चढाईची जागा अंदमान होती. मार्च १९४२पासून ती बेटं जपानच्या ताब्यात होती. आग्नेय आशियाचे सरसेनापती माउंटबॅटन यांच्या हाताखाली आखणी झाली, जहाजं हिंदी महासागरात आली. च्यांग यांची अट अशी की, समुद्रातून चढाई झाली तरच आपण उत्तर ब्रह्मदेशात उतरू.

कैरोहून चर्चिल आणि रूझवेल्ट तेहरानला गेले. तिथे स्टालिन यांनी दोन गोष्टी सांगितल्या. फ्रान्समधली चढाई १९४४च्या मे महिन्यात झालीच पाहिजे, आणि तिला जोड म्हणून दक्षिण फ्रान्समध्येही उतरा. बाल्कन, तुर्कस्तान, रोड्स हे चर्चिल यांचे आवडते विषय त्यांनी बाजूला सारले. आणि दुसरं, जर्मनी हरला की रशिया जपानविरुद्ध युद्धात उतरेल. या दुसऱ्या आश्वासनाने चीनचं वजन एका दिवसात घटलं. जपानला जमिनीवर गुंतवायला रशिया येणार असेल तर च्यांगला खूश ठेवण्याची निकड राहत नाही. आणि फ्रान्समध्ये दोन ठिकाणी उतरायचं तर जहाजं आणायची कुठून? बंगालच्या उपसागरातून. ५ डिसेंबरला रूझवेल्ट यांनी अंदमानची मोहीम रद्द करायला मान्यता दिली. च्यांगच्या तोंडाला पानं पुसली गेली.

३० डिसेंबर १९४३ला सुभाषचंद्र बोस यांनी पोर्ट ब्लेअरमध्ये तिरंगा फडकवला. मोहीम रद्द झाली नसती तरी ती त्यानंतरच व्हायची होती; पण ती झाली असती तर पुढचं वर्ष-दीड वर्ष अंदमानच्या लोकांच्या वाट्याला आलं ते आलं असतं का, हा विचार मनातून जात नाही. अंदमानातले डॉ. दिवाण सिंग यांचा जपानी तुरुंगात छळ होऊन १४ जानेवारी १९४४ला अंत झाला. त्या महिन्याच्या ३० तारखेला होम्फ्रेगंज इथे ४४ जणांना हेरगिरीच्या संशयावरून गोळ्या घातल्या. बेटं मोकळी झाली ती ऑक्टोबर १९४५मध्ये, जपानने शरणागती पत्करल्यावर. तेहरानच्या टेबलावर अंदमानच्या माणसांबद्दल कोणी वाईट हेतूने बोललं नाही. त्यांच्याबद्दल कोणी बोललंच नाही.

जहाजांच्या टंचाईचा आणखी एक हिशेब बंगालने चुकता केला. जानेवारी १९४३मध्ये चर्चिल यांनी हिंदी महासागरातली व्यापारी जहाजं मोठ्या प्रमाणावर अटलांटिककडे वळवली. आफ्रिकेतल्या मोहिमेने जहाजं खाल्ली होती आणि इंग्लंडचा अन्नसाठा घटत होता. ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ जपानने आधीच तोडला होता. बंगालच्या दुष्काळाला इतरही कारणं होती: साठेबाजी, प्रांताप्रांतांतली अडवणूक, किनाऱ्यावरच्या होड्या जप्त करण्याचा सरकारी हुकूम. पण भारतमंत्री लिओ ॲमेरी आणि पुढे व्हाइसरॉय वेव्हेल धान्यासाठी पुन्हा पुन्हा जहाजं मागत राहिले आणि लंडनच्या युद्धमंडळाने मागणीचा थोडासाच वाटा दिला. दुष्काळात आणि त्यामागून आलेल्या रोगराईत मेलेल्यांचा अंदाज ३० लाखांपर्यंत जातो. युद्धाच्या इतिहासात या मृत्यूंना सहसा वेगळं प्रकरण मिळतं. माझ्या मते ते भूमध्याच्या प्रकरणातच यायला हवेत.

राहिलं नॉर्मंडी. ब्रिटिश अधिकारी फ्रेडरिक मॉर्गन यांनी १९४३च्या वसंतापासून फ्रान्सचा किनारा इंच इंच तपासला. डोव्हर ते कॅले समुद्र जेमतेम ३४ किलोमीटर. तिथे विमानांना थांबायला भरपूर वेळ, जहाजांच्या फेऱ्या लवकर, आणि पुढे जर्मनीचा रस्ताही जवळचा. म्हणूनच जर्मनांनी सगळ्यात भक्कम तटबंदी तिथे बांधली होती. ब्रिटनीत ब्रेस्टसारखं उत्तम बंदर, पण ते लढाऊ विमानांच्या पल्ल्याबाहेर. हॉलंडमध्ये पाण्याने भरलेली जमीन. खोडत खोडत उरला तो कॉतांतां द्वीपकल्पाच्या कुशीत पश्चिमेच्या वाऱ्यांपासून आडोसा असलेला नॉर्मंडीचा किनारा. जवळ मोठं बंदर नाही ही त्याची खोट होती. पण ऑगस्ट १९४२मध्ये दिएप बंदरावर थेट हल्ला करून पाहिला होता, त्यात नऊशेवर कॅनडियन सैनिक मेले होते. बंदरावर चालून जायचं नाही, हा त्या दिवसाचा धडा. मग बंदरच बरोबर न्यायचं ठरलं: काँक्रीटच्या प्रचंड पेट्या ओढत नेऊन समुद्रात बुडवायच्या आणि धक्के तयार करायचे.

किनारा ठरला तरी वाळू रणगाड्याचं वजन पेलेल का, हे कोणाला माहीत? बीबीसीने १९४२मध्ये लोकांना आवाहन केलं होतं की युरोपच्या किनाऱ्यावरच्या सुट्टीतले फोटो आणि पोस्टकार्डं पाठवा, आणि ती लाखोंनी आली. पण फोटोत वाळूखालचं दिसत नाही. या भागात वाळूच्या पातळ थराखाली कुजक्या वनस्पतींची मऊ माती असल्याचा संशय होता. म्हणून १९४३च्या शेवटच्या रात्री लोगन स्कॉट-बाउडेन आणि ब्रूस ऑग्डेन-स्मिथ हे दोघे ब्रिटिश सैनिक होडीतून उतरून थंड पाण्यात पोहत नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर गेले. ओल्या वाळूवर पालथं पडून, पहारेकऱ्यांचा अंदाज घेत, त्यांनी हाताने फिरवायच्या गिरमिटाने वाळूला भोकं पाडली आणि खालचे नमुने नळ्यांत भरून आणले. मला या सगळ्या इतिहासातली ही गोष्ट सर्वांत जवळची वाटते. राष्ट्रप्रमुखांची दोन वर्षांची भांडणं शेवटी मूठभर वाळूच्या प्रश्नाशी येऊन थांबली होती.

जानेवारी १९४४मध्ये मोहिमेचे सरसेनापती आयझेनहॉवर आणि त्यांच्या भूदलाचे सेनापती माँटगोमेरी यांनी योजना पाहिली आणि तीनऐवजी पाच डिव्हिजन समुद्रातून उतरवायच्या ठरवल्या. त्यासाठी जादा जहाजं हवी होती. म्हणून चढाई मे महिन्यातून जूनवर गेली, कारखान्यांना आणखी एक महिना मिळावा म्हणून. आणि दक्षिण फ्रान्सची चढाई, जिच्यासाठी अंदमान सोडलं होतं, तीही पुढे ढकलावी लागली. इकडे इंग्लंडमधल्या केंटमध्ये अमेरिकन सेनापती पॅटनच्या नावाने खोटी फौज उभी करून खरा हल्ला कॅलेवरच येणार असं हिटलरला पटवून दिलं गेलं. ६ जूनला सैन्य नॉर्मंडीत उतरल्यानंतरही तो विश्वास कित्येक आठवडे टिकला.

दक्षिण फ्रान्सवरून चर्चिल आणि अमेरिकन यांच्यातला शेवटचा मोठा तंटा झाला. रोम ४ जून १९४४ला हाती आलं होतं. इटलीतलं सैन्य पुढे रेटून ईशान्येकडून युगोस्लाव्हियात, तिथून लुब्लियानाच्या खिंडीतून थेट व्हिएन्नाला जायचं, म्हणजे मध्य युरोपात रशियनांच्या आधी पोचता येईल, हे चर्चिल यांचं स्वप्न. अमेरिकनांना मार्सेय बंदर हवं होतं, आणि आफ्रिकेत उभ्या राहिलेल्या फ्रेंच सैन्याला स्वतःच्या भूमीवर लढायचं होतं. २ जुलैला हुकूम निघाला आणि इटलीतल्या आघाडीवरून सात डिव्हिजन, चार फ्रेंच आणि तीन अमेरिकन, काढून घेतल्या गेल्या. १५ ऑगस्टपासून त्या दक्षिण फ्रान्समध्ये उतरू लागल्या. त्या शरद ऋतूत अमेरिकन सैन्याच्या एकूण रसदीचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग मार्सेय आणि आसपासच्या बंदरांतून आला. अँटवर्प बंदर नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत सुरूच होऊ शकलं नव्हतं. या आकड्यांपुढे मला अमेरिकनांचं बरोबर वाटतं. लुब्लियानाची वाट नकाशावर सोपी दिसते, पण इटलीत डोंगर कसे लढतात हे मोन्ते कॅसिनोच्या लढाईने दाखवून दिलेलं होतं.

पण सात डिव्हिजन गेल्यावर इटलीत जे मागे राहिले त्यांना तेच डोंगर कमी माणसांनिशी चढायचे होते. त्यांत चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन हिंदी डिव्हिजन होत्या. हुकूम निघाल्यावर आठ दिवसांनी, १० जुलैला, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतले नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी मशिनगनच्या माऱ्यात सापडली. त्यांच्याखेरीज सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावत गेले, हातबॉम्ब टाकून मशिनगन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपलं, आणि गोळ्यांची पेटी बदलायला वेळ नाही म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते तिथेच पडले. रायगडच्या माणगाव तालुक्यातल्या या तरुणाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३मध्ये इटलीतल्या मोन्तोने गावात त्यांचं स्मारक उभं राहिलं.

त्यानंतर पूर्ण हिवाळा गेला. ९ एप्रिल १९४५ला त्याच रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीतले, नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव सेनियो नदी ओलांडत होते. दोन जखमींना त्यांनी सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणून पोचवलं आणि परत जाऊन तीन मशिनगनची ठाणी एकट्याने निकामी केली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि तो घ्यायला ते जिवंत होते. सेनियोपासून व्हिएन्ना पाचशेहून अधिक किलोमीटर दूर होतं. चार दिवसांनी, १३ एप्रिलला, रशियन सैन्याने ते शहर जिंकलं.